बळदातलं घुबड, माझा एक कान आणि कोनिशींचं संशोधन

गोदाकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबतोय, कारण त्याला दोन टोकं आहेत आणि एक धरल्याशिवाय दुसरं हाती लागत नाही.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं, गोदावरीपासून कोसभर आत. घर माळवदाचं. मागच्या खणात भिंतीतच बांधलेलं बळद आहे. वडील होते तोवर त्यात ज्वारी भरायची. आता सोयाबीन पोत्यात येतं आणि पोत्यातच मोंढ्यावर जातं, त्यामुळं बळद रिकामं पडलं. दोन वर्षांमागं तिथं गव्हाणी घुबडाची जोडी राहायला आली. पांढरं पोट, बदामासारखं तोंड, काळे डोळे. यंदा पाच पिल्लं आहेत, पाचही वेगवेगळ्या उंचीची, कारण अंडी एका दिवशी फुटत नाहीत. रात्री ती फुसफुसतात तेव्हा नवख्या माणसाला साप वाटतो.

भावकीचं म्हणणं, घुबड घरात म्हणजे घराचं वाटोळं, हाकलून द्या. मी हाकललं नाही आणि हाकलणारही नाही. पण मी इथं आलोय ते दुसऱ्याच कारणानं.

मागच्या महिन्यात एका रात्री लाईट गेली. आभाळ भरून आलेलं, हातातला हात दिसत नव्हता. मी आणि तिसरीतली नात ओसरीवर बाजेवर पडलो होतो. अंगणात कडब्याची एक पेंढी सुटून पसरली होती आणि तिच्याखाली काहीतरी चुरचुरत होतं. पंखांचा आवाज आला नाही. एकदम कडबा दबल्याचा आवाज आला आणि एक बारीक चीं. बॅटरी लावली तर घुबड कडब्यावर बसलेलं, दोन्ही पंजे काडांत रुतलेले, आणि पंजाखाली उंदीर. वरून उंदीर दिसण्याचा प्रश्नच नव्हता, त्याच्यावर चार बोटं कडबा होता. नात म्हणाली, "आबा, त्याला दिसला कसा?" मी म्हणालो, "दिसला नाही बाळा, ऐकू आला."

ते वाक्य बोललो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आता दुसरं टोक. मी सात वर्षांचा असताना गालगुंड झाले. ताप उतरला आणि उजवा कान कायमचा गेला. लोकांना वाटतं एका कानानं निम्मं ऐकू येत असेल. तसं नाही. तुरीच्या वावरात मालकीण मला हाक मारते, तर शब्द न् शब्द कळतो. पण ती कुठं उभी आहे ते कळत नाही. तूर डोक्याच्या वर गेलेली. मी जागेवर गोल फिरतो आणि ती पुन्हा हाक मारते. एकतीस वर्षं वर्गात विज्ञान शिकवलं. मागच्या बाकावरून कुणी "सर" म्हटलं की मी सगळ्या वर्गावर नजर फिरवत उभा राहायचो आणि पोरांना वाटायचं सर रागावले. हे मला एका माजी विद्यार्थ्यानं त्याच्या लग्नात सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं.

दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला गेलो होतो, रस्त्याच्या डाव्या कडेनं. मागून मोटारसायकल आली. मला जगातला प्रत्येक आवाज डावीकडूनच आल्यासारखा वाटतो. म्हणून बाजूला व्हायला मी उजवीकडं सरकलो, म्हणजे तिच्या पुढ्यातच. कोपरात अजून पट्टी आहे. पोराची काही चूक नव्हती, त्यानं हॉर्न दिला होता.

शाळेत शिकवत असताना विज्ञानाच्या मासिकात मासाकाझू कोनिशी या शास्त्रज्ञाबद्दल वाचलं होतं. त्यांनी घुबडाच्या एका कानात बोळा घातला तर घुबडाचा नेम चुकायला लागला. ते वाचून मी मासिक मिटून ठेवलं होतं. तो बोळा घातलेला पक्षी म्हणजे मीच आहे असं वाटलं.

माझं विचारणं असं. घुबडाचा मेंदू नेमकं करतो काय? कोनिशींच्या कामाचं पुढं काय झालं, इतरांनी ते मानलं का? ते माणसाला लागू पडतं का? आणि त्रेसष्टाव्या वर्षी एका कानावर दिशा ओळखायला शिकता येतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, मी सावकाश वाचीन.

प्राणिशास्त्रवाली, नांदेड

सर, नमस्कार. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. वर्तन आणि मेंदू हा भाग दरवर्षी मी कोनिशींच्या घुबडापासूनच सुरू करते. तुमचं पत्र आज वर्गात वाचून दाखवलं. तुमच्या कडब्यासारखं उदाहरण माझ्याकडं नव्हतं.

आधी रॉजर पेन यांचं नाव घ्यायला हवं, जे पुढं देवमाशांच्या गाण्यांसाठी जगभर माहीत झाले. गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात नुसत्या कानावर उंदीर धरतं हे त्यांनी दाखवलं, १९६२ मध्ये त्यावर लिहिलं. अशा प्रयोगांतली एक युक्ती मला फार आवडते. उंदराच्या मागं दोरीनं कागदाचा बोळा बांधला आणि उंदराला बिनआवाजाच्या मऊ जमिनीवर सोडलं. अंधारात आवाज उंदराचा नाही, घासत येणाऱ्या कागदाचा. घुबडानं झडप घातली ती कागदावर. म्हणजे वास नाही, अंगाची ऊब नाही, फक्त आवाज.

कोनिशी हा धागा मेंदूपर्यंत घेऊन गेले. त्यांचा जन्म १९३३चा, क्योटोचा. डॉक्टरेट बर्कलीला पीटर मार्लर यांच्याकडं, विषय पक्ष्यांचं गाणं. पुढं प्रिन्स्टन, आणि १९७५ पासून कॅलिफोर्नियातलं कॅलटेक. तिथं एरिक नुडसन त्यांच्याबरोबर होते. दोघांनी घुबडाला आवाज न घुमणाऱ्या खोलीत ठेवलं आणि त्याच्या डोक्याभोवती अर्धगोल पट्टीवर सरकणारा ध्वनिवर्धक बसवला, म्हणजे आवाज हवा तिथून देता येईल. घुबडाचे डोळे खोबणीत जवळजवळ पक्के असतात, त्यामुळं ते डोळे न वळवता सगळं डोकंच वळवतं. डोकं कुठं वळलं हे मोजलं की त्याला आवाज कुठून वाटला ते कळतं. जनावराला तोंडी विचारता येत नाही, तर त्याचंच वागणं मोजपट्टी करायची, ही कोनिशींची रीत.

आता बोळा. डाव्या कानात घातला की घुबड खऱ्या जागेच्या वर आणि थोडं उजवीकडं वळायचं. उजव्या कानात घातला की खाली आणि थोडं डावीकडं. सर, इथं तुमच्यात आणि त्याच्यात फरक आहे. तुमची चूक सगळी आडवी, त्याची मुख्यतः उभी. कारण त्याचे कान एका रेषेत नाहीत. पिसांखाली डावं भोक जरा वर आणि खाली तोंड केलेलं, उजवं जरा खाली आणि वर तोंड केलेलं. म्हणून डाव्या कानाला जास्त जोरात ऐकू आलं की आवाज खालचा, उजव्याला जास्त आलं की वरचा. उंची जोराच्या फरकावरून आणि डावं-उजवं वेळेच्या फरकावरून.

ही वेळ किती, तर उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला नंतर. घुबडाच्या लहानशा डोक्यात हा फरक जास्तीत जास्त दोनशे मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढा. आणि नसपेशीचा एक साधा ठोका सुमारे हजार मायक्रोसेकंद चालतो. घुबड तर दहा मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही ओळखतं. मापच वस्तूपेक्षा शंभर पट मोठं, मग मोजायचं कसं?

वर्गात मी बांधाचं उदाहरण देते. बांधावर एका ओळीत अकरा बाभळी आहेत. पूर्वेच्या टोकाकडून एक गडी निघतो, पश्चिमेकडून दुसरा, दोघांची चाल सारखी. प्रत्येक बाभळीखाली एक राखणदार, त्याला एकच हुकूम: दोघं तुझ्यापाशी एकाच वेळी आले तरच आरोळी ठोक. दोघं एकदम निघाले तर सहाव्या बाभळीखालून आरोळी येईल. पूर्वेचा आधी निघाला तर तो जास्त चालून आलेला असेल, भेट पश्चिमेकडं सरकेल. कुठल्या बाभळीखालून आरोळी आली एवढ्यावरून कोण किती आधी निघालं ते कळतं, आणि घड्याळ कुणाच्याच हातात नाही. ही कल्पना लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये कागदावर मांडली होती. चाळीस वर्षांनी कॅथरीन कार आणि कोनिशी यांनी घुबडाच्या मेंदूत तो बांध प्रत्यक्ष दाखवला. दोन्ही कानांकडून आलेले तंतू समोरासमोरून शिरतात आणि मधल्या पेशी दोन्ही ठोके एकदम आले की पेटतात.

पण मला विचाराल तर कोनिशींचं सगळ्यात मोठं काम त्याआधीचं, १९७८चं. नुडसन आणि कोनिशी यांना मध्यमेंदूत अशा पेशी सापडल्या की त्यातली प्रत्येक पेशी जगाच्या एकाच तुकड्यातून आलेल्या आवाजाला उत्तर देते. शेजारची पेशी शेजारच्या तुकड्याला. म्हणजे मेंदूत समोरच्या जागेचा नकाशा आखलेला. डोळ्यात असा नकाशा असणं समजतं, कारण पडद्यावर चित्रच पडतं. कातडीचंही तसंच. पण कानाच्या आत जागा अशी नसतेच. कान फक्त आवाज जाड की बारीक एवढंच ओळीनं लावतो. हा नकाशा बाहेरून मिळालेला नाही, मेंदूनं हिशेब करून काढलेला आहे. तोवर असं कुणी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं.

पुढं कोनिशींनी वेळेची वाट आणि जोराची वाट मेंदूत वेगळी असल्याचंही दाखवलं. एका केंद्रकाला, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या एका पुंजक्याला, भूल दिली की फक्त वेळेचं ज्ञान जातं, दुसऱ्याला दिली की फक्त जोराचं. आणि २००१ मध्ये होजे पेन्या यांच्यासह दाखवलं की नकाशातली पेशी ह्या दोन माहितींची बेरीज करत नाही, गुणाकार करते. दोन्ही खुणा जुळल्या तरच ती पेटते.

नुडसन नंतर स्टॅनफर्डला गेले. त्यांनी घुबडाच्या पिल्लांना लोलकाचे चष्मे लावले, सगळं दृश्य २३ अंश बाजूला सरकलेलं. काही आठवड्यांत पिल्लांचा आवाजाचा नकाशाच सरकला, डोळ्याला जुळेल असा. प्रौढ घुबडांत तसं जवळजवळ झालं नाही. पण २००२ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आलं की प्रौढांनाही चष्मा थोडा थोडा वाढवत नेला तर बराच फरक पडतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी हे जोडून बघा. मात्र आशा मोजूनच धरा. बोळा घातलेल्या कानाला कमी का होईना ऐकू येतं. तुमच्या उजव्या कानातून काहीच येत नाही, त्यामुळं तुलना करायला मेंदूकडं दुसरी बाजूच नाही.

मानलं का, हेही विचारलंत. १९९० मध्ये जपाननं कोनिशींना जीवशास्त्राचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक दिलं, २००५ मध्ये ग्रुबर पारितोषिक कोनिशी आणि नुडसन दोघांना मिळून मिळालं. २०२० मध्ये कोनिशी गेले. पण पारितोषिकांपेक्षा मोठी गोष्ट ही की त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी दोन शाखा उभ्या केल्या: एक ह्या घुबडाची, दुसरी गाणाऱ्या पक्ष्यांची. १९६५ मध्येच त्यांनी दाखवलं होतं की पांढऱ्या मुकुटाच्या चिमणीचं पिल्लू बापाचं गाणं ऐकून मनात ठेवतं, पण गायला शिकण्याआधी बहिरं झालं तर ते गाणं कधीच नीट उतरत नाही. स्वतःचा आवाज ऐकून मनातल्या गाण्याशी ताडून बघावा लागतो. लेकरू बोलायला कसं शिकतं याचा अभ्यास करणारे आजही त्या चिमणीपाशी येतात.

हळदवाला, वसमत

मास्तर, घुबड हाकलू नका बगा. आमच्याकडं हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावतेत. दिवसा त्यावर कोतवाल बसतो, रात्री हे येऊन बसतंय. सकाळी थांब्याखाली बोटाएवढे काळे चकचकीत गोळे पडलेले असतेत. पहिल्यांदा मला वाटलं कुत्र्याचं काही असंल. फोडून बघितलं तर आत केस, बारकी हाडं आन् उंदराची अख्खी कवटी, पिवळे दात सगट. एका गोळ्यात तीन कवट्या निघाल्या. त्या दिवशी हळदीचा पाला काढायचा सोडून मी बांधावर गोळेच फोडत बसलो.

तवापासून म्या ब्रोमॅडिओलोनची वडी टाकायची बंद केली. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त हिंडतो, आन् सुस्त उंदीर घुबडाला आधी घावतो. मग ते जहर ह्याच्या पोटात.

एक काळजीनं सांगतो, गावाचं नाव कुठं लिहू नका. दिवाळीच्या आधी घुबडं धरायला माणसं हिंडतेत, लक्ष्मीपूजनाला बळी द्यायचं खूळ हाय काही लोकायत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते गुन्हा हाय, पण आपल्या घरचं आपण जपावं. पिल्लं उडून जाईस्तोवर बळदापाशी कुणाला नेऊ नका.

संभाजीनगरचा विद्यार्थी

मॅडमनी फार सुंदर लिहिलंय, बांधाचं उदाहरण मी वहीत उतरवून घेतलं. पण सरांनी "माणसाला लागू पडतं का" असं विचारलंय आणि तिथं एक महत्त्वाची गोष्ट राहिली असं मला वाटतं.

बांध आणि बाभळी पक्ष्यांत आहेत, कोंबडीतही तशीच रचना दिसते. सस्तन प्राण्यांत मात्र ते तसंच्या तसं सापडलं नाही. २००१ मध्ये डेव्हिड मॅकअल्पाइन आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या पेशी मोजल्या. जाड आवाजाच्या बऱ्याच पेशींचा सर्वांत आवडता वेळ-फरक त्या प्राण्याच्या डोक्याच्या रुंदीत बसणारच नाही एवढा मोठा निघाला. बाभूळ बांधाच्या बाहेरच लावल्यासारखं. पुढच्या वर्षी जर्बिल ह्या वाळवंटी उंदरावर बेनेडिक्ट ग्रोथे यांच्या गटानं दाखवलं की तिथं थांबवणाऱ्या संदेशांची अचूक वेळ हे काम करते. यावरून पुढं आलेला विचार असा की आपल्यासारख्या प्राण्यांत नकाशा नसून तराजू असावा: डाव्या अर्ध्या मेंदूतली एकूण खळबळ विरुद्ध उजव्या अर्ध्यातली. पारडं जिकडं झुकेल त्यावरून दिशा.

वाद मिटलेला नाही. पण मला यात कोनिशींचं मोठेपणच दिसतं. त्यांच्या विरुद्ध लिहिणाऱ्यालाही पहिल्या परिच्छेदात घुबडच आणावं लागतं.

प्राणिशास्त्रवाली, नांदेड

बरोबर आहे. सरांचा प्रश्न माणसाचा होता, तेव्हा हे मीच आधी लिहायला हवं होतं. पुढच्या वर्षी वर्गात बांधाशेजारी तराजूही काढीन. तुम्ही शिक्षण संपल्यावर काय करणार आहात, जमल्यास मला निरोप टाका.

श्रवणतज्ज्ञ, लातूर

सर, तुमच्यासारखे रुग्ण मी महिन्याला दोन-तीन बघते. गालगुंडामुळं जाणारा कान बहुतेक वेळा एकच असतो, अचानक जातो आणि आतला शंख कायमचा निकामी होतो. लेकरू तक्रार करत नाही, कारण फोन दुसऱ्या कानाला लावला की चालतं. पुष्कळांना ते मोठेपणीच कळतं.

माणसाच्या दोन कानांतला वेळेचा फरक जास्तीत जास्त साडेसहाशे मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो. जाड आवाजाची दिशा आपण त्यावरून ओळखतो. बारीक आवाजाला डोकंच आडवं येतं, पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते, तिथं जोराच्या फरकावर काम चालतं. ही दुहेरी मांडणी लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्येच केली होती. तुमच्याकडं ह्या दोन्ही खुणा नाहीत. पण तिसरी आहे. कानाच्या पाळीच्या घड्या बारीक आवाजाला थोडं बदलतात, वरून आलेल्याला वेगळं, खालून आलेल्याला वेगळं. त्याला एकच कान पुरतो. म्हणून उंची ओळखण्यात तुम्ही फार मागं नसणार. घरी करून बघा आणि कळवा. काही माणसं ह्याच घड्यांच्या आधारानं एका कानावर थोडंफार डावं-उजवंही ओळखायला शिकतात.

उपायांचं खरं सांगते. क्रॉस नावाचं यंत्र मिळतं, ते उजव्या बाजूचा आवाज उचलून डाव्या कानात सोडतं. उजवीकडं बसलेल्या माणसाचं बोलणं त्यानं ऐकू येईल, पण दिशा येणार नाही, कारण कान शेवटी एकच राहतो. दिशेसाठी म्हणून कुणी ते गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. कॉक्लिअर इम्प्लांटनं, म्हणजे शस्त्रक्रिया करून आतल्या शंखात बसवायच्या यंत्रानं, एका कानाच्या बहिरेपणात दिशा सुधारते, पण लहानपणी गेलेल्या आणि पन्नास-पंचावन्न वर्षं गप्प असलेल्या कानात फायदा कमी धरावा लागतो.

फुकटचा आणि खरा उपाय म्हणजे डोकं वळवणं. आवाज चालू असताना डोकं सावकाश फिरवा. डावा कान आवाजाकडं आला की आवाज चढतो, बाजूला गेला की उतरतो. एका क्षणाच्या आवाजाला हे जमत नाही, आवाज टिकला पाहिजे. रस्त्यानं चालताना उजव्या कडेनं चाला, म्हणजे वाहनं समोरून येतील आणि दिसतील.

दोन गोष्टी अगदी कळकळीनं. डाव्या कानाची तपासणी वर्षातून एकदा करा आणि वरातीच्या डीजेजवळ उभे राहू नका, तो एकच आहे. आणि नातीच्या लसींचं कार्ड बघा. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची तिच्यात नाही. ती बालरोगतज्ज्ञांकडं एमएमआर म्हणून मिळते.

गोदाकाठचा मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, बांधाचा परिच्छेद चारदा.

श्रवणतज्ज्ञ ताईंनी सांगितल्याप्रमाणं रविवारी प्रयोग केला. अंगणात मधोमध पाटावर बसलो, नातीनं उपरण्यानं डोळे बांधले. चाव्यांचा जुडगा तिच्या हातात. भोवती बारा जागी खडूच्या रेघा, घड्याळाच्या आकड्यांसारख्या. ती अनवाणी फिरायची, एकदाच जुडगा वाजवायची, मी बोट दाखवायचं. चोवीस वेळा केलं. बोट बरोबर रेघेवर पडलं ते चारदा. उजवीकडच्या पाच जागी एकदाही नाही, तिथं प्रत्येक वेळी मी डावीकडंच बोट केलं. नातीला ते खरं वाटेना. ती माझ्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर उभी होती.

मग वर-खाली केलं. थोरला नातू धाब्यावर, ती खाली, दोघांकडं सारखेच जुडगे. दहापैकी आठ बरोबर. त्रेसष्ट वर्षांत मला हे माहीतच नव्हतं की वरचा आवाज मला वरचा म्हणून कळतो.

शेवटी ताईंची युक्ती. नातीनं जुडगा वाजवतच राहायचा आणि मी डोकं सावकाश फिरवायचं. पहिल्या दोन-तीनदा गडबडलो. मग लक्षात आलं की मी डोकं फार भराभर फिरवतोय. सावकाश केलं तसं कळायला लागलं: चढतोय, चढतोय, इथं सर्वांत मोठा, आता उतरला. बारापैकी नऊदा बोट रेघेवर.

संध्याकाळी बळदापाशी लांबून बघत उभा होतो. थोरलं पिल्लू तोंडावर आलेलं. खाली पाचोळ्यात पाल सळसळली तर त्यानं आधी डोकं एका बाजूला कलवलं, मग दुसऱ्या, मग गोल. शिकतंय अजून. मीही तिथंच उभं राहून डोकं कलवून बघितलं.

लसीचं कार्ड काढलं, गालगुंडाची लस झालेली नाही. परवा परभणीला घेऊन जातोय.

आणि घरात एक ठरलंय. मालकिणीला सांगितलं, एकच हाक मारून गप्प बसू नको, मी वळेपर्यंत मारत राहा. काल तुरीतून तिनं हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला मी बरोबर तिच्याकडं तोंड करून उभा होतो. मध्ये तूर होती, ती दिसत नव्हती.